सिंगल फेजवर घरी ॲल्युमिनियम जोडायचंय, कोणतं वेल्डिंग मशीन घेऊ?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: जळगावला घरामागे पत्र्याचं शेड आहे, वीज सिंगल फेज आहे, स्लायडिंग खिडक्यांच्या उरलेल्या सेक्शनमधून स्टूल, कुंड्यांचा स्टँड, सायकलचं कॅरिअर असं हौसेखातर करायचंय आणि दुकानदार २०० ॲम्पचं ‘टिग-आर्क’ मशीन घ्या म्हणतोय (टिग म्हणजे टंगस्टनच्या सुईतून आर्क काढून, वर आर्गन वायूचं पांघरूण ठेवून जोडायची पद्धत). ते घेऊ नका. लोखंड-स्टीलला ते छान आहे, पण फक्त डीसी आहे.

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा असतो तो २,००० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. डीसी टिगने तापवलं की आत धातू पातळ होतो आणि वर पापुद्रा तसाच राहतो, दुधावरच्या सायीसारखा. फिलर, म्हणजे जोडात भरायची कांडी, आत जात नाही, गोळा होऊन बाजूला पडतो. आपण अजून करंट वाढवतो, आणि मग एकदम खालून सगळं गळून पडतं. एसीमध्ये प्रत्येक आवर्तनाचा एक भाग हा पापुद्रा उडवतो, दुसरा भाग धातू तापवतो. म्हणून एसी-डीसी टिग घ्यायचं. साध्या डीसी मशीनच्या दुप्पट-अडीचपट पैसे मोजावे लागतात, पण ही बचत करण्याची जागा नाही.

ओळखायचं कसं? पॅनेलवर एसी/डीसीचा स्विच आणि एसी बॅलन्स, एसी फ्रिक्वेन्सी अशी सेटिंग असतात. ‘पल्स’, ‘एचएफ’, ‘थ्री इन वन’ या शब्दांचा एसीशी काही संबंध नाही, फसू नका. सरळ दुकानात ३ मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी घासून न्या आणि समोर आर्क मारायला लावा. काही सेकंदांत आरशासारखा चकचकीत ठिपका आणि त्याभोवती पांढुरकी कड दिसली पाहिजे. करडा, सुरकुतलेला, जागचा न हलणारा डाग दिसला तर मशीन तिथेच ठेवून या.

२०० ॲम्प भरपूर झाले. ढोबळ हिशोब मिमीला ४० ॲम्पचा. सेक्शन १.२ ते १.५ मिमी जाडीचं असेल तर ५०-६० ॲम्प, ३ मिमीला १२०. फूट पेडल मात्र सोबत घ्याच. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने पसरवतं, त्यामुळे सुरुवातीला करंट जास्त लागतो आणि चार बोटं पुढे गेल्यावर तोच करंट भोक पाडतो. पाय सैल सोडता आला पाहिजे. फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झच्या आसपास, बॅलन्स ७० टक्के निगेटिव्ह (म्हणजे आवर्तनाचा तापवणारा भाग ७० टक्के) ठेवून सुरुवात करा. काही मशीनवर हाच आकडा सफाईच्या बाजूने लिहिलेला असतो, तिथे ३० समजा. टंगस्टनचं टोक गोळा होऊन लोंबायला लागलं तर सफाई जास्त होतेय.

विजेचं बघा. १२० ॲम्पवर मशीन मेनमधून साधारण १३ ॲम्प ओढतं, म्हणजे १६ ॲम्पच्या पॉवर प्लगवर काम भागतं. पूर्ण २०० वर तेच २७ च्या आसपास जातं. त्यासाठी बोर्डापासून ४ चौ. मिमी तांब्याची स्वतंत्र वायर, ३२ ॲम्पचा एमसीबी आणि खरी अर्थिंग हवी. बिलावरचा मंजूर भार आधी वाचा, कमी असेल तर वाढवून घ्या.

आता आपल्या खान्देशची खास अडचण. मशीनवर ‘२०० ॲम्प, ६० टक्के’ लिहिलंय याचा अर्थ १० मिनिटांत ६ मिनिटं आर्क, पण तो आकडा ४० अंश तापमान धरून काढलेला असतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतच ४५ होतं, पत्र्याखाली तर विचारूच नका. सकाळी लवकर काम करा. ओव्हरहीटचा दिवा लागला तर मशीन बंद करू नका, पंखा चालू राहू द्या. आणि कूलर! टॉर्चच्या आसपास कूलर चालवलात की वारा आर्गन उडवून नेतो, शिवाय हवा ओली. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन शोषून घेतं आणि थंड होताना सोडतं, म्हणून वेल्डमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं पडतात. पावसाळ्यात फिलरच्या कांड्या बंद नळीत ठेवायच्या त्या याच कारणाने.

गॅस शुद्ध आर्गनच, ९९.९९ टक्के किंवा वर. सीओटू किंवा मिश्रण जोडलंत तर टंगस्टन जळून काळी काजळी येते. प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर. जास्त केला की भोवरा होऊन उलट हवा आत ओढली जाते. ७ घनमीटरची टाकी १० लिटरने ७०० मिनिटं चालते, १.५ घनमीटरची छोटी फक्त १५०. मी मोठीच सुचवेन, भरणावळ परवडते. मशीन घेण्याआधी औद्योगिक गॅसवाल्याकडे डिपॉझिट आणि भाडं विचारून ठेवा. टाकी भिंतीला साखळीने बांधायची.

टंगस्टन २.४ मिमी, निळ्या किंवा सोनेरी पट्ट्याचं. हिरवं जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचं. लाल पट्ट्यात थोरियम असतं, घासताना धूळ नाकात नको.

खिडकीचं सेक्शन म्हणजे बहुधा ६०६३ नंबरचा मिश्रधातू, आपल्याकडच्या पावत्यांवर ६३४००. त्याला फिलर ४०४३ नंबरचा. फिलरशिवाय दोन कडा नुसत्या वितळवून जोडल्या तर थंड होताना मधोमध चीर जाते. काम पुढे ॲनोडाइझ करायचं असेल तर ५३५६ वापरा, कारण ४०४३ चा जोड तिथे काळपट दिसतो. पावडर कोटिंग किंवा ॲनोडाइझचा थर जोडापासून दोन्हीकडे २० मिमी तरी घासून काढा. मग ॲसिटोनने पुसा, आणि त्यानंतर स्टेनलेसचा ब्रश मारा; हा क्रम उलटा केला तर तेल ब्रशने आणखी आत घासलं जातं. तो ब्रश लोखंडाला लावायचा नाही. ब्रेक क्लीनरने पुसू नका, क्लोरीन असलेल्यातून आर्कच्या उष्णतेने विषारी वायू होतो.

मिग, म्हणजे ज्याला आपण सीओटू वेल्डिंग म्हणतो, त्यात स्पूल गन (तारेचं रीळ टॉर्चवरच असलेली) आणि आर्गन लावून ॲल्युमिनियम होतं, पण ३ मिमीच्या खाली हात बसेपर्यंत भोकंच पडतात. ॲल्युमिनियमचे आर्क रॉड जाड कास्टिंगला ठीक, खिडकीच्या सेक्शनला नाही. व्हिडिओत दाखवतात त्या बर्नरवर वितळणाऱ्या जस्ताच्या कांड्या म्हणजे एक प्रकारे डाग देणंच (सोल्डरिंग). भार नसलेल्या दुरुस्तीला चालतात.

हातभर बाह्यांचा सुती शर्ट आणि १० किंवा ११ नंबरची काच, गरम होतंय म्हणून बाह्या वर करायच्या नाहीत. आर्कने कातडी उन्हासारखी भाजते.

कॅरिअरबद्दल एक सांगतो. जोड कितीही सुरेख आला तरी त्याच्या शेजारचा धातू तापून मऊ पडतो आणि ६०६३ ची ताकद तिथे जवळपास निम्मी होते. म्हणून जोड ताण कमी येईल अशा ठिकाणी घ्या आणि कोपऱ्याला त्रिकोणी पट्टी द्या. कॅरिअरवर डबा, पिशवी ठीक आहे. माणूस बसवू नका.