वारकऱ्यांनी नामस्मरण सोडून माहिती अधिकार, ग्रामसभा, संविधान दिंडी असल्या गोष्टींत पडावं का? आणि पडायचंच तर सुरुवात कुठून करावी?

पडावं. खरं तर विषय इथंच संपतो, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना दादा, की "देवाच्या माणसांना कायद्यातलं काय कळतं, असं आमच्याकडे म्हणतात", ते वाचून राहवलं नाही. हे मी आमच्या घरात जेवायला वाढताना ऐकलेलं आहे. आमचे धाकटे भाऊजी पुण्यात प्राध्यापक आहेत, माणूस चांगला, पण गळ्यात तुळशीची माळ दिसली की समोरचा अडाणीच असणार हे त्यांचं ठरलेलं. "वहिनी, टाळ कुटणाऱ्यांनी कधी सरकारला हिशोब विचारलाय का? तुम्हाला सगळं नशिबावर सोडायची सवय." आणि माहेरचे आमचे चुलते, जुने फडकरी वारकरी, त्यांचं म्हणणं माळ घातल्यावर अर्जफाटे शोभत नाहीत. एक देव मानत नाही, दुसरा देवाशिवाय काही मानत नाही, पण बायांनी गप्प बसावं यावर दोघांचं एकमत.

आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं, नाव लिहीत नाही कारण अजून प्रकरण मिटलेलं नाही. गावात नळपाण्याची योजना झाली. टाकी रंगवली, बोर्ड लागला, दारोदारी तोट्या बसल्या, पाणी मात्र आलं तर आलं. आणि आमच्या आळीत उसाचा ट्रॅक्टर गेला की पाइप फुटलाच म्हणून समजा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "वरून चौकशी चालू आहे."

आता भाऊजींना जे कधी कळलं नाही ते सांगते. आमच्याकडे दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. काल्याच्या दिवशी महाप्रसाद झाला की देवळातल्या फळ्यावर हिशोब लागतो. कुणी किती वर्गणी दिली, कीर्तनकारांचं मानधन किती, गूळ किती, तेलाचे डबे किती, मंडपवाल्याला किती, शिल्लक किती. एका वर्षी तेलाच्या एका डब्याचा मेळ लागेना तर लोकांनी अध्यक्षांना रात्री उशिरापर्यंत पारावरून उठू दिलं नव्हतं. त्या सप्ताहानंतर आमच्या भजनी मंडळातली एक जण सहज बोलून गेली, की देवाच्या तेलाचा हिशोब फळ्यावर लागतो मग आपल्या पाण्याचा का लागत नाही? त्यावर सगळ्याच गप्प झाल्या आणि मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. आम्हाला संविधान कुणी येऊन शिकवलं नाही हो, हिशोब मागायची सवय आम्हाला देवळानंच लावली.

एकादशीच्या भजनानंतर माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर त्या कारणावरून परत येतो. मागितलं काय तर योजनेचं अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेली बिलं आणि मोजमाप पुस्तिकेची झेरॉक्स. ही मोजमाप पुस्तिका लक्षात ठेवा, झालेल्या कामाची मापं लिहितात ती, ऑफिसात तिला एमबी म्हणतात, खरी गंमत तिच्यात असते. ग्रामसेवक अर्ज घेईनात, साहेबांना विचारून सांगतो म्हणाले, म्हणून रजिस्टर पोस्टानं पाठवला. तीस दिवस उलटले, उत्तर नाही. मग अपिलाचा नमुना, जोडपत्र ब भरून वीस रुपयांच्या स्टॅम्पावर पहिलं अपील. तेव्हा कुठं कागद हातात पडले.

एमबीत आमच्या आळीतल्या पाइपची खोली लिहिलेली ०.९० मीटर, म्हणजे जवळजवळ पस्तीस इंच. आम्ही पाहणीची मागणी केली, कारण माहिती अधिकाराच्या कलम २ मध्ये नुसते कागद नाहीत, कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा नमुना घ्यायचाही हक्क आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं. शाखा अभियंता आले, सरपंच आले, निम्मं गाव आलं. कुदळीनं उकरलं. आमच्यातली एक शिवणकाम करते, तिनं पिशवीतनं शिलाईचा टेप काढला आणि खड्ड्यात सोडला. नऊ इंच. सरपंच म्हणाले, शिलाईच्या टेपनं सरकारी मोजमाप होत नसतंय. ती म्हणाली, मग तुमचा टेप काढा. त्यांच्याकडे टेप नव्हता! अभियंत्यांकडेही नव्हता, मोजायला आले होते ते. शेवटी पंचनाम्यात तेच नऊ इंच लिहावे लागले आणि पहिली सही त्या शिवणकामवाल्या बाईनं केली.

पुढं काय झालं म्हणाल तर आमच्या आळीतला पाइप उकरून परत नीट टाकला. बाकी गावाची चौकशी अजून चालूच. पाणी होळीपर्यंत एक दिवसाआड येतं, मग टँकर. म्हणजे रामराज्य आलं असं काही नाही.

तरी भाऊजींचं तेच, अपवाद आहे म्हणे. अपवाद कसला? १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले ते कुठं? तनपुरे महाराजांच्या मठात. विरोध करणारे धार्मिक होते हे खरं, पण जागा देणाराही वारकरीच होता. २००८ ला चाकणजवळ शिंदे वासुलीला डाऊ केमिकलचं केंद्र होणार होतं, भोपाळवाल्या युनियन कार्बाइडला विकत घेणारी तीच डाऊ, तेव्हा इंद्रायणीचं काय होणार हे विचारत कीर्तनकार बंडातात्या कराडकरांबरोबर वारकरी रस्त्यावर उतरले आणि शेवटी ते केंद्र तिथं झालं नाही. तिथं जाळपोळ झाली ती मला मान्य नाही, ती कुणीही केली असो. आणि राज्यातल्या माहितीच्या कायद्यासाठी २००३ मध्ये आझाद मैदानात उपोषण करणारे अण्णा हजारे राळेगणला राहतात कुठं, तर यादवबाबांच्या देवळात. अण्णांचं सगळंच पटतं असं नाही, पण टाळ वाजवणारे झोपलेले असतात हे तरी म्हणू नका. हल्ली वारीत संविधानाची मूल्यं सांगत संविधान समता दिंडी चालते तर २०२५ मध्ये विधान परिषदेत थेट आरोप झाला की वारीत अर्बन नक्षल घुसलेत. म्हणजे प्राध्यापकांच्या लेखी आम्ही मागासलेले आणि पुढाऱ्यांच्या लेखी नक्षलवादी, एकदा काय ते दोघांनी बसून ठरवा.

चुलत्यांना माझं एवढंच म्हणणं की संविधानाच्या ज्या कलम २५ नं तुम्हाला माळ घालायचा, दिंडी काढायचा हक्क दिला, त्याच पुस्तकात ग्रामसभा पण आहे, कलम २४३ अ. एक घ्यायचं आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवायची, हा कुठला परमार्थ?

हां, सुरुवातीचं राहिलंच. आधी ग्रामसभा. लोक येत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्या लागतच नाही, मग चार टाळकी बसून काय वाट्टेल ते ठराव करून घेतात. पहिल्या सभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. पहाटे काकड्याला जेवढी येतात ती आणि त्यांच्या घरची मिळून एवढी सहज भरतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती कागदावरच होते, ती खरी घ्यायला लावा. गावात दारूचं दुकान असेल तर आडवी बाटलीचा मार्ग आहे, म्हणजे दुकान बंद करायचं का यावर मतदान, आडवी बाटली म्हणजे बंद, पंचवीस टक्के महिलांच्या सह्या, मग गुप्त मतदान, आणि एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत, झालेल्या मतदानाच्या नाही, बऱ्याच गावांचं इथंच हुकतं. जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसांत सोमवारी दुपारी ३ ते ५ फायली बघायला मिळतात, २०१८ चा शासन निर्णय आहे, त्याची प्रत बरोबर न्या कारण समोरच्याला तो माहीत नसतो.

आता आधी लिहायला हवं होतं ते. सगळी भजनी मंडळं अशी नसतात. निवडणूक आली की कुणीतरी माईक सेट देतं, कुणी टाळ-मृदंग देतं आणि पुढची पाच वर्षं मंडळाचं तोंड बंद. आम्ही माईक परत पाठवला तेव्हा मंडळातल्याच दोघी रागावून गेल्या, अजून बोलत नाहीत. आणि ग्रामपंचायतीला कायदा दाखवायचा आणि गाभाऱ्यात मात्र बाईला नाहीतर एखाद्या जातीला अडवायचं, हे चालणार नाही. शनिशिंगणापूरच्या वेळी २०१६ ला हायकोर्टानं सांगितलंच, आणि त्याच्या मागचा मंदिरप्रवेशाचा कायदा १९५६ चा आहे, काही नवीन नाही. यावर चुलते माझ्याशी अजून भांडतात, भांडू देत.

भाऊजींचं सांगते आणि थांबते. मागच्या दिवाळीत आले तेव्हा हळूच विचारत होते, त्यांच्या सोसायटीच्या बाहेर रस्ता सारखा खोदतायत, महापालिकेला अर्ज करायचाय, जोडपत्र अ कसं भरतात. मी म्हटलं भरून देते, पण आधी हरिपाठाला बसा. बसले. ताल चुकत होता, पण बसले.