पन्नास डॉलरच्या दंडाला घाबरून अठराशे सोडू नका

प्रश्न : आम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दोघंही नोकरी करतो. पगार मिळून वर्षाला तीन लाख दहा हजार डॉलर, त्यामुळे रोथ आयआरएत (कर भरलेले पैसे ठेवायच्या निवृत्ती खात्यात) थेट पैसे भरता येत नाहीत. मित्राच्या सांगण्यावरून मार्च २०२४ मध्ये दोघांनी प्रत्येकी सात हजार ट्रॅडिशनल आयआरएत (ज्यातून पैसे काढताना एरवी कर लागतो त्या खात्यात) भरले आणि आठवड्याभरात रोथमध्ये वळवले. माझे तेवढ्यात ७,००८ झाले होते. आमच्या टॅक्सवाल्याने हे सगळे १४,००८ डॉलर उत्पन्नात धरले आणि २४ टक्क्यांनी कर लावला. अहो, हे पैसे कर कापूनच हातात आले होते! साधारण ३,३६० डॉलर परत मिळतील का? चूक कबूल केली तर दंड? यंदा सिटिझनशिपचा अर्ज करायचा आहे, तिथे काही अडेल का? त्या माणसावर दावा लावता येईल का? पत्नीचे जुन्या नोकरीतले पैसेही एका आयआरएत पडून आहेत, पण त्यांना आम्ही हात लावलेला नाही.

उत्तर : शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, आणि सगळी गोम तिथेच आहे. उलट विचारल्यावर तुम्ही कळवलंत की ३१ डिसेंबर २०२४ ला त्या जुन्या खात्यात ६३,००० डॉलर होते, ते सगळे पूर्वीच्या ४०१-के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती योजनेतून आलेले, म्हणजे ज्यावर अजून कर भरलेलाच नाही असे. आणि फॉर्म ८६०६, म्हणजे वजावट न घेता आयआरएत भरलेल्या पैशांची नोंद करायचा फॉर्म, दोघांपैकी कोणीच भरलेला नाही. एवढ्या माहितीवर उत्तर देता येतं. पैसे परत मिळतील, पण ३,३६० नाही. माझ्या हिशेबाने १,८४८.

आधी तुमचा हिशेब, तो सोपा आहे. तुम्ही पाठवलेल्या १०९९-आर च्या (खात्यातून पैसे निघाल्याचं कळवणाऱ्या कागदाच्या) फोटोत पहिल्या चौकटीत ७,००८ आहेत, २-ए मध्येही ७,००८, आणि त्याच्याच खाली २-बी मध्ये बारीकशी फुली. त्या फुलीचा अर्थ ‘करपात्र रक्कम ठरवलेली नाही’. खातं सांभाळणारी कंपनी एवढंच सांगते आहे की पैसे बाहेर पडले, त्यातले करपात्र किती ते तुमचं तुम्ही ठरवा. ते ठरवण्याची जागा म्हणजे ८६०६. त्याच्या पहिल्या ओळीत, वजावट न घेता भरलेले ७,०००. सहाव्या ओळीत, वर्षअखेर तुमच्या सगळ्या ट्रॅडिशनल आयआरएत मिळून शिल्लक किती, तर शून्य. वळवलेले ७,००८. करपात्र उरले आठ डॉलर. १०४० च्या, म्हणजे मुख्य रिटर्नच्या, ४-ए ओळीत तुमच्या वाट्याचे ७,००८ आणि ४-बी मध्ये ८ यायला हवे होते. तुमच्या टॅक्सवाल्याने दोन्हीकडे एकच आकडा टाकला.

फॉर्म हातात घेण्याआधी एक खात्री मात्र करून घ्या. मार्चमध्ये भरलेले पैसे आदल्या वर्षाच्या खात्यावरही घालता येतात, १५ एप्रिलपर्यंत. २०२३ ची मर्यादा साडेसहा हजार होती, त्यामुळे तुमचे सात हजार २०२४ चेच असणार. तरी फॉर्म ५४९८ वर, म्हणजे आयआरएत किती भरलं ते कळवणाऱ्या कागदावर, पहिल्या चौकटीत काय छापलंय ते बघा. हा कागद मेअखेरीस येतो, रिटर्न भरून झाल्यावर, आणि बहुतेक घरांत पाकीट न फोडताच ड्रॉवरमध्ये जातो.

आता तुमच्या पत्नीचं. तुम्ही म्हणता, जुन्या पैशांना हात लावला नाही. कायद्याच्या लेखी लावलात. एका माणसाच्या नावावर कितीही ट्रॅडिशनल आयआरए असोत, या हिशेबापुरती ती सगळी मिळून एकच खातं. मी अशिलांना चहाचं उदाहरण देते: दूध ओतून झाल्यावर कपातून फक्त दूध चमच्याने काढून घेता येत नाही. त्यांच्या कपात वर्षअखेरचे ६३,००० आणि वळवलेले ७,००० मिळून ७०,००० होते. त्यात कर भरून आलेले फक्त ७,०००, म्हणजे दहा टक्के. मग वळवलेल्या सात हजारांतलेही दहाच टक्के करमुक्त: ७००. उरलेले ६,३०० खरोखरच करपात्र होते. टॅक्सवाला सात हजार धरून बसला, म्हणजे त्यांच्या बाबतीत तो फार लांब गेला नव्हता, योगायोगाने का होईना.

तर दोघांचे मिळून करपात्र ८ अधिक ६,३००, म्हणजे ६,३०८. धरले होते १४,००८. फरक ७,७००, त्याचे २४ टक्के १,८४८.

बाकीचे पैसे बुडाले का? नाही. कर भरलेल्या सात हजारांपैकी ७०० वापरले गेले, ६,३०० तुमच्या पत्नीच्या नावावर जमा आहेत. त्यांच्या ८६०६ च्या चौदाव्या ओळीत तो आकडा येईल आणि पुढच्या ८६०६ ला दुसऱ्या ओळीत उचलला जाईल. अडचण एवढीच की या ६,३०० ची नोंद सरकार आपण होऊन ठेवत नाही, खात्याची कंपनी ठेवत नाही, टॅक्सवाला बदलला की नव्याला त्याचा पत्ता नसतो. तुम्ही ८६०६ भरला तर ती नोंद आहे, नाही भरला तर वीस वर्षांनी पैसे काढताना तेच ६,३०० पुन्हा करपात्र. म्हणून हा कागद सात वर्षांनी रद्दीत टाकायचा नाही. आयआरएतला शेवटचा डॉलर निघेपर्यंत ठेवायचा.

‘मग पत्नीचं वळवलेलं परत फिरवतो’ असं मनात आलं असेल, तर ते दार बंद झालंय. २०१८ पासून रोथमध्ये वळवलेले पैसे उलटे नेता येत नाहीत.

करायचं काय, तर २०२४ साठी १०४०-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्न, भरा. रिटर्न एकत्र असलं तरी ८६०६ एकत्र होत नाही. आयआरए माणसागणिक असतं, म्हणून दोघांचे दोन वेगळे जोडा. कारणाच्या जागेत निबंध नको. वजावट न घेतलेली रक्कम आणि तिचं रोथमधलं रूपांतर ८६०६ वर दाखवायचं राहिलं, त्यामुळे करपात्र रक्कम जास्त धरली गेली, एवढं पुरे. तुमचं मूळ रिटर्न मार्च २०२५ मध्ये गेलं होतं; कायदा ते १५ एप्रिल २०२५ ला भरलं असं मानतो, म्हणून परतावा मागायची मुदत १५ एप्रिल २०२८ पर्यंत आहे. तोवर थांबा असं मी म्हणत नाही. सुधारित रिटर्न मार्गी लागायला सोळा आठवडेही लागतात. न्यू जर्सीचंही सुधारित रिटर्न भरावं लागेल, पण तिथे केंद्राचा आकडा उतरवून चालणार नाही. हे राज्य आयआरएत भरलेल्या पैशांवर मुळातच वजावट देत नाही, त्यामुळे करपात्र किती ते त्याच्या स्वतःच्या तक्त्याने काढायचं असतं.

दंडाचं म्हणाल तर ८६०६ न भरल्याचा दंड आहे पन्नास डॉलर, दोघांचे शंभर. सबळ कारण दाखवलं तर तोही माफ होऊ शकतो. वजावट न घेतलेली रक्कम फुगवून दाखवली तर शंभराचा आहे, पण तो तुमचा प्रश्न नाही. मी असे लोक पाहिलेत की या पन्नास डॉलरच्या धास्तीने सरकारकडे असलेले हजारो डॉलर मागायला जात नाहीत. आपल्या माणसांना सरकारी पाकिटाचं भय फार.

सिटिझनशिपच्या अर्जात विचारतात ते केंद्र, राज्य किंवा स्थानिक कर थकलाय का, रिटर्न भरायचं राहिलंय का, असं. तुम्ही रिटर्न भरलंत आणि कर द्यायचा त्याहून जास्त दिलात. जास्तीचा परत मागणं ही थकबाकी नव्हे. मुलाखतीला जाताना १०४०-एक्स ची प्रत फाइलमध्ये ठेवा, विचारलं तर दाखवा.

राहिला टॅक्सवाला. तुम्ही त्याला आयआरएत पैसे भरल्याचं सांगितलं होतं का? तुमच्या ईमेलांमध्ये मला फक्त १०९९-आर दिसला. २-बी ची फुली बघून त्याने विचारायला हवं होतं, हे खरं. पण परतावा आला की तुमचं नुकसान उरतं ते त्याच्या फीएवढं, फार तर थोडं वर. एवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढण्यात अर्थ नाही. सुधारित रिटर्न फुकट भरून द्या असं त्याला लेखी कळवा; बहुतेक जण देतात. मात्र भरण्याआधी दोन्ही ८६०६ स्वतः वाचा. पत्नीच्या फॉर्मवर सहाव्या ओळीत ६३,००० च्या जागी शून्य दिसलं, तर सही करू नका. परतावा जवळजवळ दुप्पट दिसेल आणि तो चुकीचा असेल.

२०२५ मध्ये भीतीने काहीच भरलं नाही म्हणता, ते तुमच्या पत्नीच्या पथ्यावर पडलं. यंदा त्यांनी आधी ऑफिसात विचारावं की सध्याच्या ४०१-के मध्ये बाहेरच्या आयआरएतले पैसे घेतात का. सगळ्याच योजना घेत नाहीत. घेत असतील, तर कर न भरलेले सगळे पैसे, वाढीसकट, तिकडे न्यावेत आणि ६,३०० मागे ठेवावेत. कर भरून आलेला पैसा त्या योजनेत जातच नाही. त्यानंतर २०२६ चे ७,५०० भरून, आधीच्या ६,३०० सकट १३,८०० रोथमध्ये वळवले आणि ३१ डिसेंबरला त्यांच्या नावावर एकही ट्रॅडिशनल आयआरए शिल्लक नसला, तर मधल्या चार दिवसांत पडलेलं व्याज सोडून कर शून्य. जुनं खातं रिकामं करायला डिसेंबर उजाडू देऊ नका. या बदल्या अजूनही पुष्कळदा कागदी चेकने होतात, आणि नाताळाच्या आठवड्यातला चेक जानेवारीत पोचतो.