पाठीवरचा डबा आणि आठवा मजला

"मॅडम, एक विचारू? उंचावर उभारलं की खाली उडी मारावी असं मनात येतंय. मला येड लागायलंय काय?"

तालमीत वाढलेल्या ३२ वर्षांच्या माणसानं हे दाराकडं बघत, अगदी हळू विचारलं. त्याला विलास म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहायला त्याची परवानगी आहे. समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा ऐकायला मिळतो, म्हणून त्याची गोष्ट सांगते.

विलासनं कोल्हापूरजवळ उजळाईवाडीच्या बाजूला आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. गृहप्रवेश होऊन पाच महिने झाले तरी त्यानं गॅलरीत पाऊल टाकलं नव्हतं. एका संध्याकाळी त्याची चार वर्षांची लेक प्लॅस्टिकची खुर्ची ओढत गॅलरीत गेली, कठड्याला लावून वर चढली आणि ओरडली, "पप्पा, विमान बघा!" विलास उठला, दारापर्यंत गेला, आणि उंबऱ्यावर त्याचे गुडघेच गेले. तो तिथंच बसला. स्वयंपाकघरातून बायको धावत आली आणि तिनं पोरीला उतरवलं.

"पोरगी पडली असती तर मी दारात बसून बघत राहिलो असतो," तो म्हणाला. "शंभर किलोचा गडी अंगावर घेतोय मी, आणि ही गत."

त्याला पहिली गोष्ट सांगितली ती भीतीबद्दल नव्हती. आजच्या आज गॅलरीतली खुर्ची आत घ्या आणि या आठवड्यात जाळी बसवून घ्या. बाप भित्रा असो वा धाडसी, चार वर्षांच्या पोरीला जाळी लागतेच.

मग त्या उडीच्या विचाराबद्दल सरळ विचारलं : जगणं नकोसं झालंय का? मरणाचे विचार घरात, जमिनीवर असतानाही येतात का? तो दचकला. "न्हाय हो. मरायचंच भ्या वाटतंय म्हणून तर आलोय." असं थेट विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही भरत नाही, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं. त्याचं उत्तर 'हो' असतं, तर त्याच दिवशी मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडं घेऊन गेले असते आणि पुढचं सगळंच काम वेगळं झालं असतं.

मरायची इच्छा नसताना उंचावर हा विचार येणं अगदी सर्रास आढळतं. २०१२ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं, तेव्हा आत्महत्येचा विचार कधीच न शिवलेल्या कितीतरी जणांनी हा अनुभव सांगितला. त्या संशोधकांचा अंदाज मला पटतो. कडेला गेलं की मेंदूतला राखणदार 'मागं हो' म्हणून ओरडतो आणि अंग झटकन मागं येतं. विचार करणारं मन मागाहून पोचतं आणि कोड्यात पडतं : कठडा तर भक्कम आहे, मग मी मागं का सरलो? म्हणजे मला उडीच मारायची होती की काय!

विलास बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे ते मला वाचवायलाच ओरडतंय म्हणा की."

तिसऱ्या भेटीत त्यानं आणखी एक सांगितलं. लेकीला कडेवर घेऊन खिडकीपाशी गेलं की 'हिला आपणच खाली टाकू' असं मनात चमकून जातं. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगताना तो रडला. ज्या बापाला या विचारानं घाम फुटतो, त्याच्या हातात ती पोर सुखरूप असते. हे मी त्याला तेव्हा सांगितलं, आणि मला ते मनापासून वाटतं.

आता व्हिडिओंबद्दल. तालमीच्या ग्रुपवर रील यायचे, क्रेनच्या टोकाला एका हातानं लोंबकळणाऱ्या पोरांचे. विलास ते रात्री एक-एक वाजेपर्यंत बघायचा. तळहातांना पाणी सुटायचं. "बघून बघून सवय होईल म्हटलं." झाली नाही, कारण भीती शिगेला पोचली की तो फोन उलटा ठेवायचा. त्या क्षणी हायसं वाटतं, आणि मेंदू एवढंच शिकतो की सुटका पळण्यात आहे.

"मग ती माणसं कसली बनलेली असतात?" त्यानं विचारलं. अमेरिकेचा अलेक्स होनोल्ड ३ जून २०१७ ला योसेमिटीमधला एल कॅपिटन हा सुमारे ३,००० फुटांचा कडा दोराशिवाय चार तासांच्या आत चढून गेला. त्याच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा इतरांना हादरवणारी चित्रं बघूनही भीतीचं केंद्र जवळजवळ शांत होतं. म्हणजे माती थोडी वेगळी असू शकते. पण हाच माणूस त्या कड्यावर आधी कितीतरी वेळा दोर बांधून चढला होता, एकेक पकड त्यानं पाठ केली होती, आणि २०१६ मध्ये दोराशिवाय निघूनही मन होईना म्हणून वाटेतूनच परत फिरला होता. फ्रान्सचा आलां रोबेर लहानपणी उंचीला घाबरायचा. २०११ साली तो ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफावर चढला तो दोर बांधून, आणि त्याला सहा तास लागले. आणि चीनचा वू योंगनिंग २०१७ मध्ये स्वतःचं चित्रीकरण करताना उंच इमारतीवरून पडून मरण पावला. विलासनं त्याचं नावही ऐकलं नव्हतं. रील बंद करा, असं मी स्पष्ट सांगितलं.

मित्रांनीही एक इलाज केला होता. पन्हाळ्याच्या तटावर दोघांनी दंड धरून त्याला कडेपर्यंत नेलं, "भ्या मोडूया तुझं" म्हणत. सगळे हसत होते. त्यानंतर तो दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातही भिंतीला घासून चालू लागला. त्या मित्रांचं मन वाईट नव्हतं, पण असं ढकलण्याचा मला फार राग येतो. महिन्याभराचं काम ते एका दुपारी वाढवून ठेवतात.

"पोहायला कसं शिकलात?" मी विचारलं.

"पाठीला रिकामा डबा बांधून, तरंगायला. मळ्यातल्या विहिरीत, आजोबांनी शिकवलं."

"आणि पहिल्याच दिवशी डब्याशिवाय ढकललं असतं तर?"

"तर परत विहिरीकडं फिरकलो नसतो." आणि तो स्वतःच हसला.

आमचं काम याच वाटेनं झालं. आधी विचारून घेतलं : अंथरुणात कूस बदलताना गरगरतं का, जमिनीवरही चक्कर येते का? तसं असेल तर कानातल्या तोलाचा प्रश्न असू शकतो आणि आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं लागतं. त्याला तसं काही नव्हतं.

मग माझ्याच खोलीत त्याला एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. एवढा पैलवान, पण झुलायला लागला. आपण सगळेच उभ्या उभ्या बारीक झुलत असतो. कान, तळपाय आणि डोळे मिळून तो झोल सावरतात. डोळ्यांना त्यासाठी जवळची स्थिर वस्तू लागते, भिंत, दार, झाड. उंचावर जवळ काहीच नसतं, झोल वाढतो, माणूस घाबरून अंग ताठ करतो आणि तोल आणखी बिघडतो. हे त्याला लगेच कळलं. "ताठला की गडी पडतोय मॅडम. आखाड्यात पोरांस्नी मीच सांगतोय."

आम्ही मजले ठरवले. पहिल्या मजल्याच्या जिन्याची खिडकी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नियम एकच : भीतीला दहापैकी गुण द्यायचे आणि ती निम्म्यावर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. तिसऱ्या मजल्यावर मी सोबत होते. आल्या आल्या त्यानं आठ गुण सांगितले. कठडा इतका आवळला होता की नखं पांढरी पडली होती. पंधरा मिनिटांनी सहा. पंचविसाव्या मिनिटाला चार, आणि त्यानं आपणहून एकेक बोट सोडवलं, करंगळीपासून. शेवटी तळहात पँटला पुसला आणि खाली रिक्षावाला कुणाशी भांडतोय ते बघू लागला. कठडा आवळणं, लांबच्या डोंगराकडंच बघत राहणं, बायकोचा हात धरणं, हेही डबेच. सुरुवातीला बांधायचे आणि एकेक करून सोडायचे.

सहाव्या मजल्यावर तो दोन आठवडे अडकला. एकदा भेट चुकवली, फोनही उचलला नाही. मग परत चौथ्यावर आलो आणि तिथून पुन्हा सुरुवात केली. अकराव्या आठवड्यात तो बायकोला घेऊन पन्हाळ्याला गेला, सज्जाकोठीच्या वरच्या मजल्यावर खिडकीत उभा राहिला. त्या मित्रांना सोबत नेलं नाही.

परवा त्याचा फोन आला. वारं सुटलं की अजून तो गॅलरीच्या दाराची चौकट धरतो, आणि रील लागला तर पटकन पुढं सरकवतो. पण संध्याकाळी दोघं बापलेक जाळीपाशी चटई टाकून शेंगा सोलत बसतात.

"विमान आलं की पोरगी उठती, मग मीबी उठतोय," तो म्हणाला. "काल तीन गुण होते."