वाचकांचे प्रश्न : परतीच्या दिवशी सिंगापूरचा झू

सिंगापूर सहलीच्या शेवटच्या दिवशी प्राणिसंग्रहालय पाहण्याबद्दल सोलापूर आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचं परतीचं विमान रात्री नऊचं आहे. हॉटेल लिटल इंडियात, चेक-आउट सकाळी अकराला. बरोबर सत्तर वर्षांचे सासरे आणि सहा वर्षांची मुलगी. झूला जावं, की सगळ्यांची दमछाक होईल? (जुळे सोलापूर)

जरूर जा, पण दिवसाचा हिशेब विमानाच्या वेळेपासून उलटा मांडा. नऊच्या विमानासाठी सहाला चांगी विमानतळावर हवं. झू आहे बेटाच्या उत्तरेला, मंडाईत. तिथून आधी हॉटेलवर येऊन बॅगा उचलायच्या, मग विमानतळ गाठायचा. टॅक्सीने एकेका टप्प्याला अर्धा तास लागतो; संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळी पाऊण तास धरा. शिवाय बॅगा, तोंड धुणं, चहा यांत अर्धा तास जातो. म्हणजे झूच्या गेटाबाहेर साडेतीनला, फार तर चारला. झू उघडतो सकाळी साडेआठला. 28 हेक्टरचा परिसर पाहायला एवढा वेळ भरपूर झाला.

बिघडतं ते सकाळीच. निवांत नाश्ता होतो, अकराला चेक-आउट होतं आणि गेटावर पोहोचेपर्यंत साडेबारा वाजतात. तोवर ऊन चढलेलं, प्राणी सावलीला आडवे झालेले आणि दुपारच्या गडगडाटी पावसाची वेळ जवळ आलेली. विजा असल्या की उघड्यावरचे खेळ आणि फेऱ्या थांबवतात. म्हणून बॅगा आदल्या रात्रीच भरा. सकाळी साडेसातला चेक-आउट करून त्या हॉटेलच्या काउंटरवर ठेवा. बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, तरी आदल्या दिवशी विचारून ठेवा. पासपोर्ट, औषधं आणि पैसे मात्र अंगावरच. मोठ्या सुटकेसा घेऊन झूला जाऊ नका.

सोलापूरचा मे महिना काढलेल्या माणसाला तिथले 31-32 अंश किरकोळ वाटतात आणि तिथेच तो फसतो. आपल्याकडे कोरड्या हवेत घाम वाळतो, त्यामुळे अंग थंडावतं. तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि तासाभरात गळून गेल्यासारखं होतं. सासऱ्यांना आधी ट्रामने एक फेरी मारू द्या. मग त्यांना आवडलेल्या दोन-तीन ठिकाणीच चालत जा आणि दर तासाला सावलीत बसा. मुलीसाठी हातातल्या बॅगेत कपड्यांचा एक जोड आणि ओले कपडे ठेवायला पिशवी हवीच. खरं तर प्रत्येकाचा एक जोड घ्या. घामाने भिजलेल्या कपड्यांत विमानाच्या एसीत साडेपाच तास बसणं म्हणजे सर्दीला आमंत्रण.

आणखी एक. मंडाईत झू, रिव्हर वंडर्स, नाइट सफारी, बर्ड पॅराडाइस अशी उद्यानं जवळजवळ आहेत, पण प्रत्येकाचं तिकीट वेगळं. पांडा झूत नाहीत, ते रिव्हर वंडर्समध्ये आहेत. मुलीला पांडाच पाहायचे असतील तर तिकीट त्याचं काढा. आधी जाऊन आलेले नातेवाईक जुरोंगचं पक्षी उद्यान सुचवतात. ते जानेवारी 2023 मध्ये बंद झालं आणि तिथले पक्षी बर्ड पॅराडाइसमध्ये आले. परतीच्या दिवशी एकच उद्यान घ्या. दोन्ही उरकायच्या नादात एकही धड पाहून होत नाही.

प्रश्न : आमचं विमान 15 तारखेला रात्री दीडचं आहे. शेवटच्या संध्याकाळी नाइट सफारी जमेल का? (पंढरपूर)

जमेल, पण आधी तारीख नीट वाचा. 15 तारखेला रात्री दीड म्हणजे 14 तारखेच्या रात्री निघायचं. चेक-आउट 14 ला आणि सफारीचं तिकीटही 14 चंच. यात गफलत झाली, तर 15 ला संध्याकाळी तुम्ही गेटावर उभे असाल आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.

नाइट सफारी 1994 मध्ये सुरू झाली. खास रात्रीसाठी बांधलेलं जगातलं हे पहिलं प्राणिसंग्रहालय. दिवसाच्या झूची ही रात्रपाळी नव्हे. जागा वेगळी, प्राणीही वेगळे ठेवलेले. प्रवेश सव्वासातपासून, तोही वेळ नोंदवून. तुम्ही पहिलीच वेळ घ्या. पावणेदहाला टॅक्सीत बसलात, की साडेदहापर्यंत विमानतळावर पोहोचाल. हाताशी अडीच तास उरतात. गेटातून आत शिरलेले बहुतेक लोक थेट ट्रामच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही आधी फिशिंग कॅटची पायवाट चाला, नंतर ट्राम धरा. ट्रामची फेरी साधारण पाऊण तासाची. प्राण्यांच्या कार्यक्रमाची जागा वेगळी आरक्षित करावी लागते. त्या रात्री तो सोडून द्या. नऊ-दहाचं विमान असणाऱ्यांनी मात्र नाइट सफारीचा विचारच करू नये.

फ्लॅश बंद ठेवा, आणि मोबाइलचा टॉर्चही. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परत फेकणारा थर असतो, म्हणून त्यांना मंद प्रकाशातही दिसतं. त्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं क्रूरपणाचं आहे. तुमचाही तोटा होतो: स्क्रीनकडे पाहिलं की अंधाराला सरावलेली नजर जाते, ती परत यायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात टॅपिर (आखूड सोंडेचा प्राणी) मागे पडलेला असतो.

प्रश्न : एवढे पैसे भरून जायचं आणि प्राणी झोपलेलेच दिसायचे, असं जाऊन आलेले सांगतात. खरं का? (नान्नज)

दुपारी गेलात तर खरं. माळढोकासाठी पहाटे माळावर जाणाऱ्या तुमच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. सिंह दिवसाचे सोळा ते वीस तास पडूनच असतो. तो पिंजऱ्यात असो की रानात.

1973 मध्ये सुरू झालेल्या या झूत गजांऐवजी खंदक, पाणी आणि झाडी यांच्या आड प्राणी ठेवले आहेत. त्यामुळे प्राण्याला मागे सरकायला, लपायला जागा मिळते. तो लगेच दिसला नाही तर नाराज होऊ नका. लपता येणं हे त्याच्या सुखाचं लक्षण आहे. दोन मिनिटांत पुढे जाण्याऐवजी एकाच जागी पंधरा मिनिटं थांबा. हालचाल हळूहळू नजरेत येते.

गेटावर शिरताच खाऊ घालण्याच्या वेळांचा फलक पाहा आणि मार्ग त्यावरून ठरवा, नकाशावरून नव्हे. सकाळी पहिल्यांदा ओरांगउटान. ते डोक्यावरच्या दोरांवरून आणि झाडांवरून मोकळे फिरतात. कोमोडो ड्रॅगन सकाळच्या उन्हात अंग तापवत बसतो, कारण शरीर गरम झाल्याशिवाय त्याला हालचाल जमत नाही. लांब नाकाचं प्रोबॉसिस माकड पोट फुगवून तासन् तास बसलं तर ते आजारी नसतं. त्याच्या पोटात अनेक कप्पे असतात, पानं तिथे आंबून पचतात आणि त्याला वेळ लागतो. एवढं माहीत असलं की ते बसलेलं माकडही पाहण्यासारखं होतं.

एसी टॅक्सीतून उतरल्यावर कॅमेऱ्याची काच धुरकटते. पुसत बसू नका. दहा-पंधरा मिनिटं बॅगेबाहेर ठेवा, आपोआप निवळते. काचेपलीकडच्या प्राण्याचा फोटो काढताना मोबाइल काचेला टेकवा, म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब येत नाही.

प्रश्न : कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी का? (सात रस्ता)

न्या. दोन्ही कोरडी, टिकाऊ आणि हातातल्या बॅगेत चालणारी. ओला ठेचा किंवा तेलातलं लोणचं मात्र द्रवात मोजतात. 100 मिलिलिटरच्या वरचा डबा चेक-इन बॅगेत टाका. च्युइंग गम नेऊ नका, तिथे आणायला बंदी आहे. मंडाईच्या आसपास लांब शेपटीची मोकाट माकडं असतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ती बरोबर ओळखतात. डबा पिशवीत दिसेल असा धरू नका आणि त्यांना घासही टाकू नका. सिंगापुरात रानटी प्राण्यांना खाऊ घालणं हा दंडाचा गुन्हा आहे.

पाण्याची बाटली जवळ ठेवा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. चांगीच्या 1, 2 आणि 3 टर्मिनलवर सुरक्षा तपासणी थेट गेटावर होते. इमिग्रेशननंतर भरलेली बाटलीही तिथे रिकामी करावी लागते, आणि त्या रांगेसाठी वेगळा वेळ हाताशी ठेवावा लागतो.

प्रश्न : आठवण म्हणून मगरीच्या कातड्याचं पाकीट, पिसं, प्रवाळ असं काही आणता येतं का? (बार्शी)

आणू नका. प्रवाळाच्या अनेक जाती भारताच्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मगरीच्या कातड्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्यावर चालतो. दुकानाची पावती म्हणजे परवाना नव्हे, आणि कस्टममध्ये अडलात तर ‘माहीत नव्हतं’ चालत नाही. जमिनीवर पडलेलं पीसही उचलू नका. झूच्या दुकानातली कापडी खेळणी आणि पुस्तकं घ्या.

सिंगापुरात 9 टक्के जीएसटी आहे. परताव्याची सोय असलेल्या दुकानात 100 सिंगापूर डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी झाली, तर पर्यटकाला तो परत मागता येतो. खरेदीच्या वेळी स्वतःचा पासपोर्ट दाखवावा लागतो. तिकिटं, जेवण आणि हॉटेल यांवर परतावा नाही. वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असेल तर विमानतळावर आधी परताव्याच्या मशीनवर नोंद करा, मगच बॅग चेक-इनला द्या. बॅग पट्ट्यावर गेल्यावर अधिकाऱ्याने वस्तू पाहायला मागितली तर दाखवायला काही उरत नाही.

प्रश्न : रात्री नऊच्या विमानाने मुंबईत उतरून त्याच रात्रीची सोलापूरची सिद्धेश्वर एक्सप्रेस मिळेल का? (होटगी रोड)

नाही. घड्याळ अडीच तास मागे येतं, तरी साडेपाच तासांच्या प्रवासानंतर उतरायला आपल्याकडचे बारा वाजतात. सिद्धेश्वर त्याआधीच सुटलेली असते. रात्र मुंबईत काढून दुसऱ्या दुपारची वंदे भारत धरा. ती आठवड्यातून एक दिवस नसते, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधीच तो वार तपासा.