लाल डोळा, ठणकणारा डोळा: आयरायटिसबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (नाशिक, वय ३४): सकाळी डावा डोळा लाल, रात्रीपर्यंत इतका ठणकायला लागला की ट्यूबलाइटसुद्धा सहन होईना. मेडिकलवाल्याने 'डोळे आलेत' म्हणून ड्रॉप्स दिले. तीन दिवसांनी आयरायटिस निघाला. ओळखायचं कसं?

उत्तर: २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती ना, तेव्हापासून लाल डोळा म्हटलं की सगळ्यांना तेवढंच सुचतं. डोळे येतात तेव्हा चिपडं येतात, खुपतं, पण असा आत खोल ठणका सहसा नसतो. आयरायटिस म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला (आयरिसला) आलेली सूज. त्यात बुबुळाच्या कडेने लाली जास्त, पाणी येतं पण चिपडं नाहीत, नजर धुरकट, आणि चांगल्या डोळ्यावर उजेड पडला तरी दुखऱ्या डोळ्यात कळ जाते, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. म्हणून नुसती पट्टी बांधून भागत नाही. नक्की निदान स्लिट लॅम्पवरच, म्हणजे डॉक्टरांच्या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावरच. आणि मेडिकलमधून स्टिरॉइडचे ड्रॉप्स परस्पर घेऊ नका हो, हर्पिस विषाणूची जखम असली तर ती चिघळते.

प्रश्न (सांगली): एक औषध दर तासाला, दुसऱ्याने मोबाइलवरचं काहीच वाचता येत नाही. नजर जातेय का माझी?

उत्तर: नाही जात. ते दुसरं ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन असणार, ते बाहुली मोठी ठेवतं. नाहीतर तो रंगीत पडदा मागच्या लेन्सला चिकटतो, शिवाय आतला स्नायू सैल पडला की ठणकाही उतरतो. ॲट्रोपिनचा धुरकटपणा आठवडाभर किंवा जास्तही राहतो, तोवर गाडी चालवू नका. तासाचं बहुतेक प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, त्याची बाटली दरवेळी हलवून घ्या, औषध तळाला बसतं. बरं वाटलं म्हणून मधेच बंद केलंत तर दुखणं उलटतं, ते डॉक्टर हळूहळूच कमी करतात, आणि तोवर डोळ्याचं प्रेशर तपासून घ्यायचं कारण स्टिरॉइडने ते वाढू शकतं.

प्रश्न (ठाणे, वय ४१): तिसऱ्यांदा झालंय. आता बरं आहे, पण रोज उठल्याउठल्या आरशात पापणी ओढून बघते. सासूबाई म्हणतात मोबाइल कमी कर. रात्री झोप नाही. मीच बाऊ करतेय का?

उत्तर: अजिबात नाही. दुखणं एक, पण पुन्हा कधी होईल याची धास्ती त्याहून चिवट असते, माझ्या ओपीडीत मोठमोठे लोक यावरून रडलेत. त्यात बाहेरून दिसतो फक्त लाल डोळा आणि काळा चष्मा, घरच्यांना कळणार कसं? मोबाइलने आयरायटिस होत नाही, हे सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा, नाहीतर पुढच्या व्हिजिटला त्यांनाच घेऊन या. आरसा दिवसातून एकदाच. त्यापेक्षा ठणका, उजेडाचा त्रास किंवा धुरकट दिसणं सुरू झालं तर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, हातात ठरलेलं काहीतरी असलं की रात्र जरा सोपी जाते. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर झोप आणि मूड त्यांनीही बिघडतो, तेही सांगा. महिनाभर असंच राहिलं तर समुपदेशकाकडे जा, त्यात लाजण्यासारखं काय?

प्रश्न (पुणे, वय २८): डोळ्याच्या डॉक्टरांनी कंबर दुखते का विचारलं. काय संबंध?

उत्तर: आहे संबंध. सकाळी कंबर आखडते आणि हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते, असं महिनोन्महिने चालू असेल तर मणक्याचा संधिवात असू शकतो, त्याचं आणि या डोळ्याचं नातं जुनं. एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी त्यासाठीच, या दोन्ही आजारांशी जोडलेला जनुक आहे का ते त्यात कळतं. टीबीमुळेही डोळ्याला अशी सूज येऊ शकते, आपल्याकडे तोही बघावा लागतो, म्हणून छातीचा एक्स-रे सांगितला तर घाबरू नका, काढून टाका.