घरातला दास, घरातला पुत्र

प्रश्न : बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षं झाली. ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलं, असं उपासनेत नेहमी ऐकते. पण माझा राग सुटलेला नाही, आणि सकाळची प्रार्थना चुकली की दिवसभर अपराध्यासारखं वाटतं. मग मी मोकळी झाले म्हणजे नक्की काय झालं?

उत्तर : आधी चुकलेल्या प्रार्थनेची टोचणी पाहू, रागाची गाठही तिथेच अडकलेली असते.

जो पाप करतो तो पापाचा दास, असं येशू योहानाच्या ८व्या अध्यायात सांगतो आणि लगेच घराचा दाखला देतो : दास घरात कायमचा राहत नाही, पुत्र राहतो. राबतात दोघंही. पण घागर फुटली की दासाला घर सुटायची धास्ती, आणि पुत्र सरळ बापाकडे जाऊन सांगतो, फुटली म्हणून. प्रार्थना चुकल्यावर तुम्ही दिवसभर देवाला टाळत असाल, तर ती प्रार्थना हजेरी लावण्यासारखी चालली होती. ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही, हे रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायाचं पहिलंच वचन. त्याला आधार क्रूसाचा आहे, तुमच्या हजेरीचा नाही.

गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांत, म्हणजे ख्रिस्ती समुदायांत, विश्वासाला यहूदी नियमातल्या सुंतेची जोड हवी, असं शिकवलं जाऊ लागलं तेव्हा प्रेषित पौल खवळला. एवढी एक अट मानलीत की सबंध नियमशास्त्र, म्हणजे मोशेचे सगळे नियम, पाळणं तुमच्यावर आलं, असं तो बजावतो (गलती ५:३). प्रार्थनेची वेळ जरूर ठेवा. फक्त तिने देवाची मर्जी विकत घेऊ नका.

आता राग. पापाची सत्ता मोडली तरी सवय मुरलेली असते, ती रोज मोडावी लागते. 'माझ्या चुकांची क्षमा कर' असं मोघम म्हणू नका. कुणाला काय बोललात ते शब्दांत कबूल करा, तेही सूर्य मावळायच्या आत. माणूस दुखावला असेल तर आधी त्याच्याकडे जा. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे वेदीवरचं अर्पणसुद्धा थांबू शकतं. शिवाय एका भरवशाच्या विश्वासी व्यक्तीला सांगून ठेवा, कारण लपवलेलं पाप जोर धरतं. बहुतेकांचं चुकतं ते इथे : मन हलकं होईपर्यंत क्षमा मिळाली असं ते मानतच नाहीत. १ योहान १:९ मध्ये क्षमेचा आधार देवाचा विश्वासूपणा आहे. मन कधी कधी मागाहून येतं.

प्रश्न : नियमापासून मुक्त असू, तर इतरांना खटकतं म्हणून आपण का थांबायचं?

उत्तर : करिंथ शहरातल्या मंडळीत मूर्तींना वाहिलेल्या मांसावरून हाच वाद होता. मूर्ती काहीच नाही, म्हणून खायला हरकत नाही, हे पौलाला मान्य होतं. तरी दुर्बळ विवेकाच्या भावाला, म्हणजे ते खाणं पाप वाटणाऱ्या विश्वासणाऱ्याला, अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असं तो लिहितो (१ करिंथ ८:१३). ज्याला हक्क सोडता येत नाही, त्याला त्या हक्कानेच बांधलेलं असतं.

पण थांबणं आणि दबणं एक नव्हे. आपला सहकारी तीमथ्य याची सुंता पौलाने स्वतः करवली, कारण त्या भागातल्या यहूद्यांमध्ये त्याला घेऊन जायचं होतं. तीत या दुसऱ्या सहकाऱ्याच्या बाबतीत मात्र तो घटकाभरही नमला नाही. तिथे सुंतेचा आग्रह धरणारे विश्वासणाऱ्यांना पुन्हा दास करू पाहत होते.