एएम५ राहू द्या, आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सिडकोत गच्चीखालचं घर. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. मार्च संपल्यापासून गेम पाऊण तास नीट चालतो, मग अडकायला लागतो, आणि आठवड्यात दोनदा पीसी फटकन बंदच पडला. दुकानदार म्हणतो बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं काढा, एएम५ वर (एएमडीच्या नव्या सॉकेटवर) या, वर आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड टाका. बजेट साठ हजार. शेवटी तुम्ही विचारलंय की रिव्ह्यूत हाच प्रोसेसर थंडगार दिसतो, मग आपल्याकडेच का तापतो?

काही घेण्याआधी तुम्हीच टाकलेला चौथा फोटो मोठा करून बघा. एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, लेबलचा. वर ठसठशीत ‘५०० वॅट’. खाली बारीक तक्ता, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, एकशे ब्याण्णव. तुमच्या पीसीत खरी वीज खाणारे दोघंच, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, आणि दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. म्हणजे त्यांच्या वाट्याला पाचशेतले १९२. बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत भरून ठेवलेत, ज्यांचं आजच्या पीसीला फारसं काम नाही. पंगतीला पाचशे पानं सांगावीत आणि त्यातल्या तीनशे पानांवर नुसतं मीठ-लोणचं वाढलेलं असावं, तसा प्रकार.

आता खर्च मांडू. ३६०० च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलंय, पण एएमडी त्याला सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढू देतं. बोर्डावर व्होल्टेज उतरवताना जी गळती होते ती धरली तर एसएमपीएसकडून साधारण शंभर. १६५० चे ७५. झाले १७५. त्यात तीन पंखे आणि जुनी फिरती हार्डडिस्क. हिवाळ्यात हे रेटून निघालं, कारण एसएमपीएस स्वतःही गार होता. एप्रिलमध्ये त्याच्या पोटात किती तापमान असेल याचा विचार करा. फटकन बंद पडण्याबाबत माझा पहिला संशय तिथेच आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसलेल्या ‘कर्नल-पॉवर ४१’ ला घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता वीज गेली. का गेली हे ते सांगत नाही.

(माझा असाच एक एसएमपीएस २०१२ च्या मे महिन्यात ‘ठप्प’ असा आवाज काढून गेला आणि जाताना हार्डडिस्क घेऊन गेला. भाचीच्या बारशाचे फोटो त्यात होते. तेव्हापासून कोणाच्या घरी पीसी बघायला गेलो की मी आधी गुडघ्यावर बसून लेबल वाचतो. घरचे हसतात.)

पण अडकणं हा वेगळा रोग आहे, तो यात मिसळू नका. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, सेन्सरची खिडकी उघडून लॉगिंग चालू करा आणि तासभर नेहमीचा गेम खेळा. मग फाइल एक्सेलमध्ये उघडून दोन रकाने बघा, प्रोसेसरचं तापमान आणि क्लॉक, म्हणजे त्याचा वेग. ३६०० ची मर्यादा ९५ अंश. तापमान तिथे टेकून क्लॉक खाली येत असेल तर गरमीने अडकतंय. तापमान ऐंशीतच आहे आणि फाइल मध्येच तुटली, तर दोष एसएमपीएसकडे जातो. माझा अंदाज, तुम्हाला दोन्ही सापडेल.

आता रिव्ह्यूचं. तो खोटा नसतो, त्याची खोली वेगळी असते. चाचणी एसीत, वीस-बावीस अंशांत, आणि पुष्कळदा उघड्या टेस्ट बेंचवर. शहाणा समीक्षक म्हणूनच नुसतं तापमान न देता खोलीपेक्षा किती अंश जास्त ते देतो. तो फरकच आपल्या कामाचा. समजा २१ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६८ ला थांबला, तर फरक ४७. बाहेर चाळीस असताना गच्चीखालच्या तुमच्या खोलीत ३६ तरी असणार. ३६ अधिक ४७, त्र्याऐंशी. हे झालं उघड्यावर. तुमचा पीसी आहे टेबलाच्या बंद कप्प्यात, जिथे तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. कप्प्यात ४८ अंश झाले तर बेरीज तुम्हीच करा. एसएमपीएसवरच्या ८० प्लस या कार्यक्षमतेच्या बिल्ल्याचंही तेच, ती चाचणी २३ अंशांना होते. आपल्याकडे २३ अंश म्हणजे थंडीचे दिवस. थंडीत घेतलेला पीसी म्हणून तर मे महिन्यापर्यंत सगळ्यांना आवडत असतो.

तेव्हा आज रात्री बिनपैशाचं काम. पीसी कप्प्यातून बाहेर काढा, डावा पत्रा उघडा, समोर टेबलफॅन लावा आणि तोच गेम तासभर खेळा. अडकणं थांबलं तर तुमचे साठ हजार तूर्त वाचले.

उघडलंच आहे तर आत बघा. सिंहस्थाच्या कामांनी सध्या अर्धं नाशिक खणलेलं आहे, आमच्या इंदिरानगरात सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. ती सगळी धूळ पीसी ओढतो. मागच्या महिन्यात भाच्याच्या प्रोसेसरवरचा पंखा काढला तर खाली जाळीवर करड्या धुळीचा अखंड थर, कडेला धरून उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा एकसंध निघाला. पंखा वर जोरात फिरत होता आणि हवा एक इंचही खाली जात नव्हती. ब्लोअर मारताना पात्यांना बोट लावून ठेवा, मोकळा पंखा भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. आणि हे गॅलरीत करा, नाहीतर घरात वेगळा प्रश्न उभा राहील.

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्टही बदला, पण इथे एक धोका आहे. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि तो सॉकेटमध्ये वरून दाबून धरलेला नसतो. पाच वर्षांत सुकलेली पेस्ट गोंदासारखी धरते. कूलर सरळ वर ओढलात तर खटका बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो, आणि दोन पिना वाकल्या की त्या सरळ करायला एटीएम कार्डाची कड आणि देवाचं नाव. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून वायर काढा, कूलर मोकळा केला की डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळा. सुटल्यासारखा वाटला की मगच उचला. मी घाई करून एकदा हे भोगलंय.

खरेदीत पहिला नंबर एसएमपीएसचा, त्यात चर्चा नको. वॅटचा आकडा नंतर, आधी १२ व्होल्टचे अँपिअर विचारा. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर तिथे ४५ च्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे ५४० वॅट. जवळपास सगळी ताकद जिथे लागते तिथेच. शिवाय कंपनीच्या माहितीपत्रकात हे वॅट किती तापमानाला दिलेत ते बघा, ४० असेल तर बरं, ५० असेल तर नाशिकसाठी उत्तम. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत नसलं तर खोकं हातात घ्या आणि स्वतः वाचा.

एएम५ ला मी आत्ता नाही म्हणतोय, आणि कारण प्रोसेसर नाही. एएम५ ला फक्त डीडीआर५ चालते. एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरी कंपन्यांनी आपले कारखाने तिकडे वळवल्यापासून रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी जे चढले ते तुम्ही दुकानात ऐकले असतीलच. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने आपल्यासारख्या ग्राहकांना विकायचा धंदाच बंद करत असल्याचं सांगितलं. अशा वेळी घरात चालत असलेली १६ जीबी डीडीआर४ काढून ठेवायची आणि नवी महाग रॅम घ्यायची, हे माझ्या गणितात बसत नाही. फक्त बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सोय, चालू आहे का ते बघा. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर वर्षानुवर्षं धावताना मी कित्येक घरांत पाहिली आहे.

प्रोसेसर बदलायचाच असेल तर याच बोर्डावर रायझन ५६०० किंवा ५७००एक्स बसतो, भाव जुळेल तो घ्या. मे २०२० मध्ये एएमडीने बी४५० वर ही पिढी चालणार नाही असं सांगितलं होतं, ग्राहकांनी आरडाओरडा केला तेव्हा माघार घेतली. त्या आरडाओरड्याचा फायदा आज तुम्हाला आहे. फरक नुसत्या क्लॉकचा नाही. ३६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन खोल्यांत आहेत, प्रत्येकीला १६ एमबी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली झटपट मेमरी. ५६०० मध्ये मधली भिंत पाडली, सगळ्यांना मिळून ३२. गेमला हे मानवतं. मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, आणि त्या पाच मिनिटांत लाईट जाणार नाही याची सोय करून करा. शनिवारी दुपारी तर नकोच, आमच्याकडे तरी देखभालीसाठी लाईट जायचा तो ठरलेला वार आहे.

ग्राफिक्स कार्डात दुकानदार तुम्हाला एक गोष्ट सांगायला विसरला. ५०६० ला ८ जीबी मेमरी आहे आणि ते स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (डेटा ये-जा करायचे रस्ते) वापरतं. नव्या बोर्डावर त्या आठ लेन पाचव्या पिढीच्या, म्हणजे सेकंदाला ३१ जीबीच्या वर. तुमच्या बी४५० वर तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे जेमतेम ८. कार्डावरची मेमरी पुरतेय तोवर कळणार नाही, पण ती भरली की सामान याच बोळातून ये-जा करायला लागतं आणि गेम पुन्हा अडकतो. मग तुम्ही पुन्हा इथे प्रश्न टाकाल. रिव्ह्यू मात्र बहुधा सगळ्यात नव्या बोर्डावर झालेला असतो, त्यात हे दिसतच नाही. त्यातून या कार्डाच्या वेळी, मे २०२५ मध्ये, बहुतेक समीक्षकांना विक्री सुरू होण्याआधी ड्रायव्हरच, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअरच, मिळाला नव्हता. पहिल्या दिवशीचं कौतुक त्या हिशेबाने घ्या.

माझी पसंती आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं. ते सोळाही लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर दुप्पट रुंद रस्ता मिळतो. भूक १६० वॅटची, वर सांगितलेला ५५० चा एसएमपीएस सहज पुरवेल. याच नावाने ८ जीबीचंही मिळतं, बिलावर आकडा बघून घ्या. हे बजेटबाहेर जात असेल तर दिवाळीपर्यंत १६५० वरच काढा. एसएमपीएस आणि हवा सुधारल्यावर तेच कार्ड तुम्हाला थोडं वेगळं वाटेल.

रिव्ह्यू वाचताना सरासरी एफपीएसकडे (सेकंदाला किती फ्रेम) कमी आणि ‘१ टक्का लो’ कडे, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमच्या आकड्याकडे, जास्त बघा. साठ एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. मध्येच एखादी फ्रेम शंभर मिलिसेकंद घेते, डोळ्याला टोचते, पण सेकंदाच्या सरासरीत बुडून जाते. स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये टेक रिपोर्टवर फ्रेमगणिक वेळ मोजून दाखवला तेव्हापासून हे मोजायची रीत पडली. तुमच्या तक्रारीतला ‘अडकतो’ हा शब्द तिथेच सापडतो, सरासरीत नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की लाईट गेली की इन्व्हर्टर असूनही पीसी रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो बहुधा नॉर्मलवर असेल, तिथे बदल व्हायला वेळ लागतो. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, तुमचा तेवढाही धरत नसावा. खटका यूपीएसवर करा. नवा एसएमपीएस आल्यावर एकदा गेम चालू असताना मेन स्विच पाडून बघा, पण त्याआधी हार्डडिस्कवरचे फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा.

कुठून घ्यायचं, तर एसएमपीएस इथेच, एम. जी. रोडला किंवा ओळखीच्या दुकानात, बिघडला तर परत नेता येतो. ग्राफिक्स कार्डासाठी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडचा भाव काढायला हरकत नाही, पण गाडीभाडं आणि बुडालेली सुट्टी धरून फरक दोन हजारांच्या आत असेल तर मी जात नाही. कुठेही घ्या, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि दुकानातच खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा.

आधी आज रात्रीची ती पत्रा उघडून केलेली चाचणी आणि लॉगची फाइल इथे टाका. तोवर त्या दुकानदाराला आगाऊ पैसे देऊ नका.